डाव्या चाकाचा आर्म

रविवार, १२ जानेवारी

सपाट काँक्रीट, चारही चाकांत सारखी हवा, आणि तरी हात सोडला की गाडी डावीकडेच का जाते? मला सांगता येत नाही. मेकॅनिकलची पदवी घेतलेली मी, आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच, आणि आज गोदामाच्या अंगणात पाच माणसांसमोर मला एवढंही सांगता आलं नाही.

पण चांगलं ते आधी लिहायला हवं. गाडी चालली! शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने एका स्पर्धेसाठी पुण्याच्या छोट्या कंपनीकडून हा किट मागवला होता. दोन सीटची उघडी गाडी, सुट्या भागांत, सहा लाकडी खोक्यांत. स्पर्धा रद्द झाली, अंकित आणि बाकीचे पुण्या-बंगळूरला नोकरीला गेले, खोकी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये धूळ खात राहिली. सर म्हणाले, न्यायची तर ने. दीड वर्ष मी आणि बाबा आमच्या शेडमध्ये ती खोकी उघडतो आहोत. दिवसा मी आमच्या वाडीतल्याच एका गोदामात आलेल्या मालाची तपासणी करते. संध्याकाळ आणि रविवार गाडीचे.

आज गोदाम बंद, म्हणून मागचं अंगण मिळालं. इंजिन पहिल्या हाकेला सुरू झालं. चाळीस-पन्नास फूट गेले आणि गाडी डावीकडे सरकू लागली. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधली फट आली की कोणीतरी खालून हिसका द्यावा तशी आणखी डावीकडे उडी. मी थांबले.

"काहून थांबवली वं? चालून राह्यली ना मस्त," बाबा ओरडले.

ताराचंदकाका शाळेची व्हॅन चालवतात, बाबांचे जुने दोस्त. ते भिंतीवर बसून हसत होते. "बिटिया, गाडी तर बनली, पण तिले घरची आठवण येऊन राह्यली. पाय ना, तुमच्या शेडकडेच वळते."

"हसू दे त्याले," बाबा म्हणाले. "त्याची व्हॅन मी बारा वर्षांपासून ढकलून राह्यलो, तवा नाई हसत."

मीही हसले. पण परत येताना तो हिसका हातात राहिला होता.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईचा तिळगूळ खाऊन गाडीखाली शिरले. पंखा उलटा फिरत होता, दोन वायरी बदलल्या, झालं. पेट्रोलच्या नळीचा क्लिप ढिला होता. मागच्या ब्रेकमधून तेल पाझरत होतं, त्याचा वॉशर बदलला. हे सगळं दोन तासांत सुटलं. डावीकडे जाणं सुटलं नाही. चाकांचा कोन दोरी ताणून चार वेळा मोजला. बाबांना ही दोरीची रीत फार आवडली. "दोरीनं मोजते, अन् म्हणते इंजिनिअर," असं आईला सांगत होते, पण आवाजात कौतुक होतं.

शनिवार, १८ जानेवारी

सापडलं. आणि माझीच मला लाज वाटली.

स्टिअरिंग फिरवलं की एक दांडी ओढली जाते, आणि ती दांडी चाकाला वळवते ते एका वीतभर लांबीच्या लोखंडी हाताने. त्याला आर्म म्हणतात. डावा वेगळा, उजवा वेगळा, चपलांसारखे. माझ्या गाडीला दोन्ही उजवेच बसले आहेत. खोक्यात दोन्ही उजवेच आले होते. बोल्ट नीट बसले म्हणून मी आठ महिन्यांपूर्वी डावीकडेही तोच आवळून टाकला.

किटच्या कंपनीत वैदेही म्हणून एक मुलगी फोन घेते. तिने ताबडतोब मान्य केलं. "सॉरी हं भूमिका, चूक आमचीच आहे. पण डावा आर्म आत्ता एकही शिल्लक नाही. नवीन लॉट घडवायला फोर्जिंगला गेलाय. सहा आठवडे तरी धर."

दहा फेब्रुवारीला गाडीची सरकारी तपासणी आहे. या तारखेसाठी चार महिने थांबले. ही गेली तर पुढची कधी, कोणी सांगत नाही. तपासणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेणार नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं आहे. बाबा म्हणत असतात, रात्रीच्या वेळी अमरावती रोडवर एक चक्कर मारून आणू, कोण पाह्यते. मी नाही म्हणते. आपण नियमाने केलं तरच उद्या वस्तीतल्या मुलींना सांगता येईल की हे तुम्हालाही जमेल. रविवारी शेडमध्ये त्यांचा वर्ग घ्यायचा, हे माझं स्वप्न आहे. सोनिका आणि खुशी आत्ताच विचारतात, ताई, आम्हाला कधी शिकवशील?

तपासणीच्या अर्जात बनवणाऱ्याचं नाव विचारलं होतं. मी दोन लिहिली: देवराव भोयर, भूमिका भोयर. बाबांनी आज तो अर्ज पुन्हा मागून घेतला. चष्मा लावून आपलं नाव वाचलं. घडी घालून परत दिला.

रविवार, १९ जानेवारी

बाबांशी वाद. वाद म्हणजे मीच बोलत होते.

बाबा कमानी मिस्त्री आहेत. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची जी कमान असते, ती बांधायची, बसलेले पाटे पुन्हा वाकवायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आता नवे ट्रक कंपनीच्या वर्कशॉपला जातात. कामाला जातात त्या दुकानात बाबांना नुसते नट खोलायला बसवतात. त्यांना मिस्त्री म्हणणारी माणसं हळूहळू कमी झाली. ही गाडी उभी राहू लागल्यापासून मात्र लोक शेडमध्ये येतात, विचारतात, मिस्त्री, हे कसं बसवलं.

ते म्हणाले, "सहा हप्ते कायले थांबते? मी बनवून देतो ना. कमानीच्या पाट्यातून कापतो, गरम करून वाकवतो, बुडाले बोल्टासाठी जाड तुकडा वेल्ड मारतो. कमानीवर वीस टनाचा ट्रक चालते पोरी. तुही ही खेळणी हाय."

भंगारातला एक पाटा त्यांनी ग्राइंडरला लावून दाखवला. ठिणग्या निघाल्या त्या साध्या लोखंडासारख्या सरळ नव्हत्या. प्रत्येक ठिणगी टोकाला फुटून तिला चांदणीसारखं फूल येत होतं. "पाय. हे कमानीचं पोलाद. ज्याले फुलं येते ते खरं."

मी त्यांना समजावलं. कमानीचं पोलाद झुकून परत येण्यासाठी असतं. त्याला वेल्डिंग चालत नाही, जोडाशेजारी ते काचेसारखं होतं. आर्म घडवावा लागतो, त्याची उष्णता मोजावी लागते, नंतर चाचणी. मी वहीत आकृती काढली. बाबा आकृतीकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. शेवटी मी म्हणाले, "बाबा, हे अंदाजाने करायचं काम नाही."

"बरं," ते म्हणाले.

मी जरा कडक बोलले का? पण ज्ञान असून गप्प बसणं बरोबर नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

आर्म आला!! संध्याकाळी घरी आले तर बाबांनी गाडीवर बसवूनही टाकला होता. काळा रंग, नवाकोरा. ट्रान्सपोर्टवाल्याकडे पार्सल आलं होतं, दुपारी ते स्वतः घेऊन आले म्हणे. खोकं कुठे विचारलं तर म्हणाले, "खोकं कायले पाह्यजे तुले? फाटलं होतं, टाकलं."

सहा आठवड्यांऐवजी सहा दिवस! वैदेहीने माझ्यासाठी मुद्दाम धडपड केली असणार. जगात चांगली माणसं आहेत, आपण सरळ बोललो की तीही सरळ वागतात. तिला आभाराचा मेल लिहिला.

रंग अजून हाताला लागत होता. प्रवासात दमट झाला असेल.

आईची कटकट चालली होती की धुण्याची बादली दोन दिवस शेडमध्ये पडून आहे आणि तळाशी काळं बसलं आहे. "धुणं कशात धुवू वं मी? बाप-लेकीनं घराचा कारखाना करून ठेवला." बाबांच्या अंगठ्याला फोड आला आहे. दुकानात गरम पाटा लागला म्हणाले. मी मलम लावून दिलं.

रविवार, २६ जानेवारी

गाडी सरळ चालली. लाद्यांच्या फटीवरूनही. हात सोडला तरी सरळ. मी अंगणाला अकरा फेऱ्या मारल्या आणि शेवटच्या फेरीत मला रडू आलं, हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही.

पहिली फेरी बाबांनी स्वतः मारली. मला बसूच देईनात. मग म्हणाले, चाळीसच्या वर नेऊ नको. मी म्हटलं, तपासणीत साठवर ब्रेक लावायला सांगतील. "तवाचं तवा पाहू. आत्ता चाळीस." प्रत्येक फेरीनंतर ते उठून येत, डाव्या चाकाशी वाकत, आर्मवर हात ठेवत. तापला आहे का ते पाहत असावेत. आर्म कशाला तापेल? पण जुन्या कारागिरांना हाताने कळतं, मीटरवर त्यांचा विश्वास नसतो.

दुपारी आर्मच्या कडेला एक खरबरीत टोक लागलं, बोट कापलं. ग्राइंडर टेकवला तर काय सुंदर ठिणग्या! टपटप फुटणारी फुलं. कंपनी पोलादात हात आखडता घेत नाही, हे दिसलं. तेवढ्यात बाबांनी स्विच बंद केला. "नोको लावू ग्राइंडर त्याले. कंपनीची चीज हाय, कानस मार हातानं." इतक्या जोरात ते माझ्यावर क्वचितच बोलतात. कंपनीच्या वस्तूला जपतात हे पाहून मला बरंच वाटलं.

आईने बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या. भिवापूरच्या मामाकडच्या मिरच्या, तिखट. मी काढणार होते. बाबा म्हणाले, "राहू दे वं." ते कधी असलं मानत नाहीत.

गुरुवार, ३० जानेवारी

गोदामाच्या फाटकात ताराचंदकाका भेटले. मागच्या महिन्यात त्यांची व्हॅन खड्ड्यात आदळून पुढचं चाक तिरकं झालं होतं. त्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. आज खूश होते. "बिटिया, देवरावभाऊनं माह्या व्हॅनचा बी इलाज करून देल्ला. तुह्या गाडीचा केला ना, सेम टू सेम. परवापासून सरळ सूत चालून राह्यली. अकरा पोरं बसवतो, पण एकदम सूत."

म्हणजे बाबांनी माझी दोरीची रीत उचलली आणि दुसऱ्याच्या गाडीवर वापरलीसुद्धा! मला केवढा अभिमान वाटला. ज्ञान असंच पसरलं पाहिजे, घरातून रस्त्यावर. जेवताना मी म्हणाले, "बाबा, काकांची व्हॅन तुम्ही एकट्याने दुरुस्त केली, मला सांगितलंही नाही."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले.

"पुन्हा मिस्त्री मिस्त्री करून राह्यले सारे," आई म्हणाली. "आज दोघं जण घरी विचारत आले." बाबा तिच्याकडे पाहून थोडं हसले. कितीतरी दिवसांनी.

कंपनीच्या साइटवर माझी ऑर्डर अजून 'प्रतीक्षेत' दाखवते. पार्ट मिळाला तरी नोंद करायला त्यांना वेळ होत नाही बहुतेक.

रविवार, २ फेब्रुवारी

टक्.

डावीकडे पूर्ण वळवताना एकदा. मोठा आवाज नाही, बोट मोडल्यासारखा. उजवीकडे वळवताना येत नाही.

बेअरिंग पाहिलं, घट्ट आहे. दांडीची दोन्ही टोकं हलवून पाहिली, ढिली नाहीत. ग्रीस भरलं. बोल्ट आवळले. सगळं करून पुन्हा वळवलं. टक्. चाळीस ओलांडून पंचावन्नपर्यंत नेली तेव्हा बाबा अंगणाच्या मध्ये हात पसरून उभे राहिले. मला जोरात ब्रेक दाबावा लागला.

"सांगतलं होतं ना तुले चाळीस! ऐकू नाई येत?"

सगळ्यांसमोर. तपासणी आठ दिवसांवर आली आहे, त्यांनाही ताण असणार. चुका दाखवल्या की त्यांना राग येतो असं मला वाटायचं, पण आज चेहरा रागाचा नव्हता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आवाज बंद झाला. सोमवारी दोनदा आला, आज एकदाही नाही. ग्रीस आत मुरायला वेळ लागला असेल. कारण न कळता दोष गेला की मला शांत वाटत नाही, पण आता सहाच दिवस आहेत.

ताराचंदकाकांनी सकाळी व्हॅन थांबवून विचारलं, "बिटिया, वळवलं का टक् करून वाजते. पाहते का जरा?" मागे पोरं पाढे म्हणत होती. मला गोदामात उशीर होत होता. मी म्हणाले, "माझ्याही गाडीला होतं काका, ग्रीस भरा, जाईल."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत वैदेहीचा मेल आला: नवीन लॉट ठरल्याआधीच आला, डावा आर्म आज कुरिअरने पाठवत आहोत, चुकीबद्दल क्षमा असावी.

मला वाटलं चुकून दुसरा पाठवताहेत. फोन केला. मी म्हणाले, "अगं, एक मिळाला मला, चोवीस तारखेलाच. मी मेलही केला होता."

"तो मेल मी आज पाहिला. मला वाटलं तू आधीच्या बोलण्याबद्दल थँक्स म्हणतेयस. आमच्याकडे फोर्जिंगच काल आलं गं. त्याआधी कोणालाही काही पाठवलेलं नाही." मग तिनेच विचारलं, "भूमिका, तुझ्या गाडीला आत्ता काय बसवलंय?"

अर्धा दिवस सुट्टी टाकून घरी आले. बाबा दुकानात होते. चाक काढलं, आर्म सोडवला, पॉलिश पेपरने रंग घासला. बुडाशी वेल्डिंगचा पट्टा, कानशीने सपाट केलेला. इतका सुंदर सपाट केलेला की कोणालाही कळलं नसतं. मग डिझेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. फट असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर काळं उमटतं. ही रीत मला कॉलेजात नाही, बाबांनीच शिकवली होती, मी दहावीत असताना.

पाच मिनिटांनी वेल्डिंगच्या शेजारून एक रेघ उमटली. केसाएवढी. अर्ध्या आर्मला वळसा घालून गेलेली.

आणि मी चार दिवसांपूर्वी ग्रीस भरलं होतं.

बाबा सहाला आले. आर्म ओट्यावर पाहिला, चप्पल काढली, पाय धुतले, मग बसले. नाकारलं नाही.

"मीच बनोला. दोन दिवस लागले."

"पाणी पाजलं?" म्हणजे लाल गरम लोखंड पाण्यात बुडवून कडक करणं.

"दोनदा. एका पाण्यात मऊ राह्यला असता तर वाकला असता ना."

"वाकायलाच हवा होता बाबा. वाकला की गाडी तिरकी चालते, माणूस थांबतो. हा वाकत नाही. हा एकदम जातो. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, चाक ऐकत नाही."

"तीस वर्षांत माह्या हातचा पाटा तुटला नाई."

"पाट्याला तुम्ही कधी वेल्डिंग केलंच नाही."

आई भाकरी थापायची थांबली होती.

"तुही तारीख गेली असती वं," ते म्हणाले. मग आर्मकडे पाहत, "अन् त्या अर्जावर माहं नाव तू लिहिलं. साऱ्या गाडीत कंपनीचं काय काय हाय, तुहं डोकं हाय. मले वाटलं, नाव हाय तर एखादी चीज माही बी असू दे."

आणि तेव्हा मला काकांचं ते वाक्य आठवलं. सेम टू सेम.

"बाबा, काकांच्या व्हॅनला काय बसवलं?"

त्यांनी ओट्यावरच्या आर्मकडे बोट दाखवलं.

मी चप्पल घालायला उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. "ताराचंद कन्हानले गेला हाय, पावण्याकडे. व्हॅन घेऊन नाई, बसनं. सकाळी येते, साडेसहाले पहिलं पोरगं घेते. मी जातो सहाले. मले सांगू दे. माह्या तोंडानं सांगू दे, पोरी. तू सांगतलं तर वाडीत मले कोणी हातोडा बी उचलू देणार नाई."

काकांना फोन लावला, लागत नव्हता. मी बाबांना हो म्हणाले. त्यांचा हक्क आहे, असं मला वाटलं. आपली चूक आपण सांगणं याहून मोठं काय आहे?

पावणेसहाचा गजर लावते आहे. त्यांच्यासाठी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळ

गजर झाला. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली. खांद्याला हात लावला. डोळे मिटलेले, पण पांघरूण मुठीत घट्ट धरलेलं. मी सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत उभी राहिले. मग एकटी निघाले.

काका व्हॅनची काच पुसत होते. शेजारी दोन व्हॅनवाले चहा पीत उभे. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण त्या दोघांच्याही व्हॅनना बाबांनी हात लावला आहे का, हे मला माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी बनवला, कशाचा, काय होऊ शकतं.

"देवरावभाऊले माहीत हाय तू आली म्हणून?" काकांनी विचारलं.

"नाही."

"परवा तूच म्हणाली ना बेटा, ग्रीस भरा म्हणून."

"हो. मी न पाहता सांगितलं."

चहा पिणाऱ्या दोघांतला एक म्हणाला, "वा रे घर. बाप बनवते अन् पोरगी तोडते." कोणी हसलं नाही.

जॅक लावून मीच आर्म काढला. काका म्हणत होते, दिसायला तर चांगला दिसते, आजचा दिवस चालवतो हळूहळू, परीक्षा आहेत पोरांच्या. मी तो फुटपाथच्या दगडावर आडवा ठेवला आणि त्यांच्याच हातोड्याने मारला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला तो तुटला. वाकला नाही जरासुद्धा, बशीसारखे त्याचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या तोंडावर फक्त एका बाजूला बोटभर जागा चमकत होती. बाकी सगळं आधीच काळं पडलं होतं, जुनी फट. तेवढ्या बोटभर जागेवर काल अकरा पोरं शाळेत जाऊन आली.

ताराचंदकाका व्हॅनच्या पायरीवर बसले. मग मोबाइल काढून एकेका घरी फोन करू लागले. आज व्हॅन येणार नाही. नाही, काही झालं नाही. आज येणार नाही. ते दोघे व्हॅनवाले आपापल्या व्हॅनखाली वाकून पाहत होते. एकाने वर पाहून विचारलं, "मिस्त्रीनं आणखी कोणाचं केलं?" मी म्हणाले, मला माहीत नाही, विचारून सांगते.

माझ्या गाडीची तपासणी मी तिथेच उभी राहून मोबाइलवरून रद्द केली; नवा आर्म वेळेत आला तरी आधी सगळी गाडी पुन्हा खोलून पाहायची आहे.

घरी आले तेव्हा सात वाजून गेले होते. आईने चहा टाकला. व्हॅनच्या आर्मचे दोन्ही तुकडे मी ओट्यावर ठेवले आहेत, तुटलेली तोंडं वर करून, बाबांच्या कपाशेजारी. रस्त्यावर मी काय काय बोलले, ते त्यांना माझ्याकडूनच कळावं म्हणून इथे बसून आहे. खाट वाजली. मोरीत पाणी पडतं आहे. ते चूळ भरताहेत.